भिंतीच्या अलीकडे

“पण ती भिंत आहे कुठं, बाबा?”

हसाजीबाबा अंजिराच्या झाडाला पाणी घालत होते. ते घालतच राहिले.

“तिकडं,” ते म्हणाले.

“तिकडं म्हणजे? किती लांब?”

“इथून कुणी जोरात हाक मारली तर ऐकू जाईल, एवढी.”

एलीशा वाकरुळकरानं खांद्यावरची पिशवी खाली टाकली. बसच्या धुळीनं त्याचे केस पांढरे झाले होते, पण डोळे लकलकत होते.

“मग चला ना! बसलाय काय?”

बाबांनी पाण्याचा डबा झाडाखाली उपडा केला, कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले.

“जाता येत नाही,” ते म्हणाले.

एलीशाला हे बोटीवर कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं मनावर घेतलं नव्हतं. काही वर्षांपूर्वी लढाई झाली. ती थांबली तेव्हा ज्याचं सैन्य जिथं उभं होतं तिथं काटेरी तार पडली आणि यरुशलेम शहराचे दोन तुकडे झाले. नवं शहर इस्राएलकडं आलं. तटाच्या आतलं जुनं शहर जॉर्डनकडं गेलं. भिंत जुन्या शहरात होती. हे सगळं त्यानं ऐकलं होतं. पण भांडणं सैन्यांची, प्रार्थनेला आलेल्या माणसाला कोण अडवणार, असं तो धरून चालला होता.

“तहात लिहिलंय ना, जाऊ देणार म्हणून?”

“लिहिलंय.”

“मग?”

“लिहिलंय,” बाबा पुन्हा म्हणाले. “पाणी पी. दमला असशील.”

एलीशा पाणी प्यायला नाही.

तो रेवदंड्याचा. बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी बोलणारा यहुदी. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांचं घर, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. ही माणसं आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत. त्या मशिदीत एलीशा हज्जान होता. प्रार्थना चालवायचं काम त्याचं. आवाज असा, की सणाच्या दिवशी शेजारच्या वाडीतली माणसं कुंपणाशी येऊन उभी राहत. एलीशालाही ते माहीत होतं. प्रार्थना संपली की तो एकदा कुंपणाकडं बघून घेई.

निघताना मशिदीच्या अंगणात सगळ्यांनी त्याला हार घातले. तो म्हणाला होता, “तुमच्या सगळ्यांची प्रार्थना मी त्या भिंतीपुढं उभा राहून गाईन. रेवदंड्याचा आवाज तिथं घुमेल.”

म्हाताऱ्या बायकांनी डोळे पुसले होते.

आणि लहानपणी ज्यांनी त्याला हिब्रू अक्षरं गिरवायला लावली, ते हसाजीबाबा चेऊलकर आज त्याला पाणी पी म्हणून सांगत होते. पुढं ते गाव सोडून इकडं आले होते. जुन्या शहरात, भिंतीपासून दोन गल्ल्यांवर, त्यांची खोली होती. लढाईत ती गेली. आता ते तारेला लागून असलेल्या या वस्तीत राहत होते.

एलीशानं रागारागानं झाडाचं एक पिकलं अंजीर तोडलं.

“मालकाला विचारलंस?” बाबांनी विचारलं.

“मालक? मला वाटलं हे घर तुमचं.”

“घर एका अरबाचं. लढाईत पळून गेला.”

“कुठं?”

“तिकडं.”

एलीशानं हातातल्या अंजिराकडं पाहिलं.

“आणि तुमचं घर?”

“तेही तिकडं. त्यात आता कोण राहतं, देव जाणे.” बाबा पायरीवर बसले. “खा आता. तोडलंस ते तोडलंस. झाडाला पाणी मी घालतो, तेवढ्यावर चालवून घेईल बिचारा.”

…

संध्याकाळच्या प्रार्थनेला अंगणात वस्तीतली माणसं जमली. दोन कुर्दिस्तानचे, काही मोरोक्कोचे, एक म्हातारा येमेनी. एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळत नव्हतं. प्रार्थना तेवढी सगळ्यांची एक.

“आमच्या गावचा हज्जान आलाय,” बाबांनी हातवारे करून सांगितलं. “आज तो चालवेल.”

एलीशा पुढं झाला. सकाळपासून छातीत अडकलेलं सगळं आता बाहेर पडणार होतं. त्यानं शाल डोक्यावरून घेतली, डोळे मिटले, पाय जुळवले आणि सूर लावला.

आवाज लागला. अंगण भरून गेलं.

थोड्या वेळानं कुणीतरी खाकरलं. मग आणखी कुणीतरी. एक जण हसू दाबत असावा.

एलीशानं डोळे उघडले. समोर सूर्य मावळत होता. वळून पाहिलं तर सगळ्यांच्या पाठी त्याच्याकडं होत्या.

तो गोंधळला.

रेवदंड्याहून यरुशलेम पश्चिमेला. त्याचा बाप, आजा, पणजा, सगळे समुद्राकडं तोंड करून प्रार्थना करत आले. मशिदीच्या पश्चिमेच्या भिंतीला कोनाडा, त्याच्यापलीकडं माडाची बाग, त्याच्यापलीकडं पाणी, आणि पाण्याच्या पार पलीकडं ती जागा. मावळता सूर्य दिसला की त्याचे पाय आपोआप वळत. आजही वळले होते.

बाबा जवळ आले. त्यांनी त्याचे दोन्ही खांदे धरले आणि लहान मुलाला वळवावं तसं त्याला पूर्वेकडं वळवलं.

“अरे, तू जागा ओलांडून पुढं आलास,” ते त्याच्या कानात म्हणाले. “चालव आता.”

एलीशानं चालवली. पण आवाज पहिल्यासारखा लागला नाही.

…

त्यानं आणलेल्या पिशवीत वाल होते. बायको, दीनाबाई, अजून बीरशेबाला, नव्यानं आलेल्यांच्या छावणीत, तंबूतच होती. रेवदंड्याहून निघताना तिनं बाकी काही नाही तरी वालाची पुरचुंडी आठवणीनं बांधली होती.

बाबांनी मूठभर वाल तळहातावर घेतले आणि नाकाशी नेले. वाळलेल्या वालाला कसला वास. पण ते हुंगत राहिले.

“बिरड्याचा सण,” ते म्हणाले.

“परवा,” एलीशा म्हणाला.

“भिजत घाल. मोड यायला हवेत.”

आव महिन्याची नवमी. त्या दिवशी यहुद्यांचं देऊळ पडलं. देवाचं घर. जगात तेवढं एकच होतं, आणि ते इथल्या टेकडीवर होतं. रोमी सैन्यानं ते जाळलं, त्याला दोन हजार वर्षं होत आली. टेकडीला आधार देणारी पश्चिमेची भिंत तेवढी उरली. टेकडीच्या माथ्यावर पुढं मुसलमानांचं पवित्र स्थान झालं, त्यालाही तेराशे वर्षं झाली. दोघांची टेकडी एकच, आणि दोघांपैकी कुणालाच दुसरी चालण्यासारखी नव्हती.

जगभरचे यहुदी त्या नवमीला उपास धरतात आणि जमिनीवर बसतात. कोकणात उपास सुटला की मोड आलेल्या वालाचं बिरडं खायचं. शतकं गेली, मधल्या काळात कोकणातल्या यहुद्यांची हिब्रू गेली, पोथ्या गेल्या, पण बिरडं राहिलं. दिवसाचं नावच बिरड्याचा सण पडलं.

“माझ्या आईला एक अक्षर वाचता येत नव्हतं,” वाल निवडता निवडता एलीशा म्हणाला. “पण त्या दिवशी सारवलेल्या जमिनीवर बसून रडायची. मी एकदा विचारलं, आई, कोण गेलं? म्हणाली, आपलं घर पडलं. मी म्हटलं, घर तर उभं आहे. तर म्हणाली, हे नव्हे रे. ते.”

“सिपोराबाई,” बाबा म्हणाले. “तिच्या हातची तांदळाची भाकरी मी खाल्लीय.”

“गेली तेव्हा माझा हात धरून होती. म्हणाली, तू तिथं पोचलास की माझ्या वाटणीचं एकदा त्या भिंतीला कपाळ लाव. बास. एवढंच मागितलं तिनं माझ्याकडं. जन्मभरात दुसरं काही मागितलं नाही.”

बाबा वाल निवडत राहिले.

“मी हो म्हटलं, बाबा.”

“हं.”

“मी तिला शब्द दिला!”

बाबांनी एक किडका वाल बाजूला टाकला.

“खडे बघून घे,” ते म्हणाले. “दीनाबाईच्या घाईत राहिलेत.”

एलीशाला त्यांचा असा राग आला, की तो उठून अंगणात गेला. हा माणूस म्हातारा झाला, त्याच्या मनात विचार आला. ह्याचं सगळं आटून गेलं. भिंतीपासून दोन गल्ल्यांवर राहिला आणि आता इथं दुसऱ्याच्या झाडाला पाणी घालतोय.

…

नवमीच्या दिवशी दुपार कलल्यावर दोघं निघाले. उपासाचा दिवस, तोंडात पाण्याचा थेंब नाही. चामड्याची वहाण चालत नाही, म्हणून पायात कापडी चपला. ऊन असं, की तापलेले दगड त्यातूनही लागत होते.

सियोनची टेकडी जुन्या शहराच्या तटाला लागून आहे. तट जॉर्डनकडं, टेकडी इस्राएलकडं. तिच्यावरच्या एका जुन्या इमारतीच्या गच्चीवरून तटाच्या आत बघता येत होतं. म्हणून लोक तिथं चढत. जाता येत नाही तर निदान बघावं.

जिना अरुंद होता. बाबा थांबत थांबत चढत होते. एलीशा दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

वर बरेच लोक होते. कुणी जमिनीवर बसून पुटपुटत होतं. एक बाई कठड्याला कपाळ टेकवून उभी होती.

एलीशा माणसांतून वाट काढत थेट कठड्याशी गेला.

समोर तट. तटामागं घरांची दाटी, पडकी छपरं. त्यांच्यामागं उन्हात झळकणारा मोठा घुमट. त्याच्याही मागं जैतुनांचा डोंगर.

तो शोधत राहिला. डावीकडं. उजवीकडं. पुन्हा डावीकडं.

बाबा धापा टाकत पोचले.

“कुठली?” एलीशानं विचारलं. “यातली कुठली?”

“इथून नाही दिसत.”

“काय?”

“घरांच्या मागं आहे ती. खाली. घुमटाच्या अलीकडं ती छपरं दिसतात ना, त्यांच्या आड.”

एलीशा त्यांच्याकडं बघत राहिला.

“दिसतसुद्धा नाही?”

“नाही.”

“मग ही माणसं इथं काय बघतात?”

बाबा कपाळावरचा घाम पुसत होते.

उपासानं असेल, उन्हानं असेल. एलीशा खाली बसला आणि जे बोलायचं नाही ते बोलून गेला.

“मी गाव सोडलं, बाबा. घाणा विकला. बायको तंबूत राहते, वाळूत स्वयंपाक करते. का? रेवदंड्याला मी डोळे मिटून उभा राहायचो, तर मधे काही नसायचं. एवढा समुद्र, पण मधे काही नसायचं! मला दिसायची ती भिंत. दगडावरचं गवतसुद्धा दिसायचं. आणि इथं… हाकेच्या अंतरावर… तार, बंदूक, छपरं. लांब होतो तेच जवळ होतो.”

बाबा त्याच्याशेजारी भुईवर टेकले.

“मी रोज जायचो तिथं. वीस वर्षं.”

“तेच म्हणतो मी! तुम्हाला काय कळणार?”

“रोज कपाळ टेकायचो. आणि सांगू, मनात काय यायचं?… आज वांगी आणावीत की भेंडी. पाऊस पडला तर छत गळेल. शेजाऱ्यानं माझी बादली नेलीय ती परत मागावी की नको.” ते हसले, पण हसणं फार वेळ टिकलं नाही. “त्या दगडाला कपाळ लावून मी किती वेळा वांग्यांचा विचार केला असेन. आपलीच आहे, उद्याही आहे. असं वाटायचं.”

“आणि आता?”

“आता एकदाही वांगी आठवली नाहीत.”

वारा सुटला. बाबांची पांढरी दाढी एका बाजूला उडाली.

“ज्या दिवशी आम्हाला बाहेर काढलं,” ते म्हणाले, “त्या दिवशी माझ्यापुढं एक लंगडी म्हातारी चालत होती. तिला चालवेना. जॉर्डनच्याच एका शिपायानं बंदूक पाठीवर टाकली आणि तिला उचललं. सियोनच्या वेशीपर्यंत आणून सोडलं. म्हातारी त्याला शिव्या देत होती. तो ऐकून घेत होता. मी मागं वळून पाहिलं, तर आमच्या गल्लीतून धूर निघत होता.”

“आणि भिंत?”

“भिंत बघायची राहूनच गेली. सकाळी जाऊ म्हटलं होतं. सकाळी गोळीबार होता.”

एलीशानं मान खाली घातली. वाळलेल्या वालात म्हातारा काय हुंगत होता, ते त्याच्या पहिल्यांदाच लक्षात आलं.

“तुम्ही रडत कसे नाही, बाबा?”

“रडतो की. तू झोपलेला असतोस.”

…

तिसऱ्या प्रहराच्या प्रार्थनेची वेळ झाली. गच्चीवरची माणसं उठून उभी राहू लागली. कुणीतरी पुटपुटत सुरुवात केली.

एलीशा उठला. त्याच्या डोक्यात एक गोष्ट आली होती, आणि ती एकदा आल्यावर त्याला थांबवणं अवघड होतं.

“बाबा, तुम्ही म्हणालात ना, हाक मारली तर ऐकू जाईल?”

“म्हणालो.”

“मला जाऊ देत नाहीत. ठीक. आवाजाला कोण अडवणार?”

तो कठड्यावर चढला. रुंद दगडी कठडा होता. त्यावर तो सरळ उभा राहिला, पलीकडं तोंड केलं आणि छातीत मावेल तेवढा श्वास घेतला.

मग तो गायला.

रेवदंड्याच्या मशिदीत त्याचा आवाज पुष्कळांनी ऐकला होता. पण असा आवाज त्याचा त्यानंही कधी ऐकला नव्हता. त्यात सिपोराबाई होती, सारवलेली जमीन होती, कुंपणाशी उभी राहणारी माणसं होती. आवाज गच्चीवरून निघाला, तारेवरून गेला, तटावर आपटला, तट ओलांडून छपरांवर पसरला.

तटावर हालचाल झाली.

वाळूच्या पोत्यांमागून एक शिपाई उठला. डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल. त्यानं गच्चीकडं पाहिलं. कठड्यावर उभा राहून ओरडणारा माणूस पाहिला. त्याची बंदूक वर आली.

“खाली!” गच्चीवर कुणीतरी किंचाळलं.

माणसं धडाधड खाली पडली. कठड्याशी उभी असलेली ती बाई दगडाआड सरकली.

एलीशाला बंदूक दिसली. नळीचं काळं तोंडही दिसलं. आवाज थांबला. उतरावं असं मनात आलं, पण पाय हलेनात.

झेंड्याच्या दोरीचा कुठंतरी खटखट आवाज येत होता.

…

शिपायानं बराच वेळ बंदूक तशीच धरली.

मग खाली घेतली. हातानं काहीतरी खूण केली. उतर, असं असेल. किंवा गप्प बस, असं.

एलीशा कसाबसा उतरला. शाल घामानं भिजली होती. तेव्हा त्याला दिसलं, की हसाजीबाबा त्याच्याशेजारी उभेच होते. कठड्याच्या अलीकडं, अगदी सरळ.

“तुम्ही… तुम्ही वाकला नाहीत?”

“गुडघे दुखतात,” बाबा म्हणाले.

लोक हळूहळू उठले. कुणी एलीशाला रागावलं, कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कठड्याशी उभी असलेली बाई पुन्हा कठड्याशी आली. मोडलेली प्रार्थना पुन्हा हळू आवाजात सुरू झाली. एलीशा ओठ हलवत होता, पण त्याचं लक्ष तटावर होतं.

तो माणूस. तो एक माणूस नसता, तर इथून चालत गेलो असतो. आईच्या वाटणीचं कपाळ टेकवून आलो असतो.

प्रार्थना संपली. लोक खाली बसले. एलीशा कठड्याशीच उभा राहिला.

तटावर शिपायानं बंदूक पोत्यांना टेकवून ठेवली. एका डब्यातलं पाणी हातांवर घेतलं. कोपरापर्यंत हात धुतले, तोंड धुतलं, बूट काढून पाय धुतले. घाई नव्हती त्याला. मग घोंगडीसारखं काहीतरी झटकून दगडावर अंथरलं आणि त्यावर उभा राहिला.

गच्चीकडं तोंड करून.

एलीशा चमकला.

“हा आपल्याकडं का बघतोय, बाबा?”

“तुझ्याकडं नाही बघत. त्यांची मक्का दक्षिणेला. आपल्या पाठीमागं, पार तिकडं, वाळवंटापलीकडं.” बाबांनी पाठीमागं हात केला.

शिपाई कमरेत वाकला. मग गुडघ्यांवर आला. त्यानं दगडावर कपाळ टेकलं.

जुन्या शहराचा तो दगड. भिंतीचा दगड ज्या खाणीतला, त्याच खाणीतला असेल. एलीशा बघत राहिला. कुणाचंही कपाळ दगडाला टेकताना इतकं स्पष्ट त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

त्याला राग आला, पण तो नुसता राग नव्हता. त्याला नाव देता येईना.

“बघा,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “दोन हजार वर्षं आपण त्या जागेकडं तोंड करून उभे आहोत. मी आईला शब्द दिलाय. आणि हा… हा बरोबर माझ्या आणि भिंतीच्या मधे.”

बाबा तटाकडं बघत होते. शिपाई उठून उभा राहिला होता. हात छातीशी बांधलेले, ओठ हलत होते, डोळे मिटलेले.

“खरं आहे,” बाबा म्हणाले. “मधेच आहे.”

“मग?”

बाबांनी एलीशाचा दंड धरला. हलकेच.

“तू जरा बाजूला सरक,” ते म्हणाले. “त्याच्या वाटेत उभा आहेस.”